स्विचवरचे दिवे काय सांगतात?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

‘मुलगा काय करतो?’ असं कुणी विचारलं की माझी आई सांगायची, ‘काँप्युटरच्या कंपनीत दिवे बघतो.’ विचारणाऱ्याला वाटायचं, पोरगा इलेक्ट्रिशियन असणार. सुरुवातीला मी चिडायचो. पण पंचवीस वर्षं हे काम केल्यावर आता वाटतं, आईनं माझ्या नोकरीचं वर्णन अगदी नेमकं केलं होतं. बँका, दवाखाने, कॉलेजं, साखर कारखान्यांची ऑफिसं, इथल्या संगणकांचं जाळं नीट चालू ठेवणं हे माझं काम. कुठंही गेलो की पहिली पाच मिनिटं मी कुणाशी फारसा बोलत नाही. भिंतीवरच्या छोट्या लोखंडी कपाटाचं दार उघडतो आणि आतल्या चपट्या डब्यावरचे दिवे बघत उभा राहतो. डॉक्टर नाडी बघताना गप्प असतो ना, तसं.

त्या डब्याला स्विच म्हणतात. घरातल्या पंख्याच्या बटणालाही आपण स्विच म्हणतो, हा तो नव्हे. हा डबा म्हणजे एक लहानसं पोस्ट ऑफिस आहे. ऑफिसातल्या प्रत्येक संगणकाची, प्रिंटरची, कॅमेऱ्याची वायर येऊन याच्या एकेका खाचेत बसते. या खाचेला पोर्ट म्हणतात. शब्दकोशात पोर्ट म्हणजे बंदर, पण इथं ‘दार’ म्हटलेलं बरं. कुणाकडे पाच दारांचा डबा असतो, कुणाकडे आठ, सोळा, चोवीस किंवा अठ्ठेचाळीस दारांचा. आणि बहुतेक दारांवर एक किंवा दोन बारीक दिवे असतात. माझी रोजीरोटी या दिव्यांवर चालली आहे.

पूर्वी हे पोस्ट ऑफिस नव्हतं, नुसती दवंडी होती. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात १९७३ साली रॉबर्ट मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या साथीनं ती प्रत्यक्षात आणली. (मेटकाफ यांना या कामासाठी २०२२ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. जवळजवळ पन्नास वर्षांनी!) त्यात एकच जाड केबल सगळ्या संगणकांजवळून जायची. एकजण बोलला की सगळ्यांना ऐकू जायचं, आणि ज्याच्यासाठी निरोप असेल तो घ्यायचा, बाकीचे सोडून द्यायचे. दोघं एकदम बोलले तर दोघांचे शब्द एकमेकांवर आदळायचे. मग दोघांनीही क्षणभर थांबायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा. नंतर आलेला हबही तसाच. एका दारातून आलं ते बाकी सगळ्या दारांतून बाहेर ओरडून सांगायचं, एवढंच त्याला कळायचं.

स्विच मात्र शिकतो. प्रत्येक संगणकाच्या नेटवर्क कार्डाला जन्मतःच एक पत्ता दिलेला असतो. निरोप आला की स्विच पाठवणाऱ्याचा पत्ता वाचतो आणि मनाशी नोंद करतो, ‘हा गृहस्थ सात नंबरच्या दारात राहतो.’ पुढच्या वेळी त्याच्यासाठी काही आलं की ते फक्त सात नंबरलाच देतो. नवा पोस्टमन पत्रांच्या मागचा पाठवणाऱ्याचा पत्ता वाचून गाव पाठ करेल, तसंच. बरेच स्विच पाच मिनिटं एखाद्याची हालचाल दिसली नाही तर त्याची नोंद पुसूनही टाकतात. आणि माहीत नसलेल्या माणसाचं पत्र आलं तर? तर मात्र स्विचही हबसारखाच सगळ्या दारांवर जाऊन विचारतो. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

इथरनेटचा हा पहिला स्विच १९९० च्या सुमारास बाजारात आणणाऱ्या कंपनीचं नाव होतं ‘कल्पना’. चेष्टा नाही. सिलिकॉन व्हॅलीतले विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर यांची ती कंपनी, आणि भारद्वाज यांच्या पत्नीचं नाव कल्पना. १९९४ साली सिस्को कंपनीनं ती विकत घेतली आणि नाव मागं पडलं. आज जगातल्या लाखो कपाटांत जे डबे लुकलुकताहेत, त्यांच्या घराण्याचं नाव आपल्याकडच्या बाईचं होतं, हे मी नवीन मुलांना हटकून सांगतो.

आता दिव्यांकडे वळतो. सगळ्यात पहिला प्रश्न: दिवा लागतो म्हणजे नक्की काय होतं? अनेकांना वाटतं की वायर आत बसली की दिवा लागतो. तसं नाही. वायरीच्या दुसऱ्या टोकाला कुणी जिवंत असेल तरच तो लागतो. १९९० साली आपल्या ओळखीच्या पीळ दिलेल्या तारांवर इथरनेट चालवायचं ठरलं, तेव्हा एक सोय केली गेली. दोन्ही बाजूंनी एकमेकांना सेकंदाला साधारण साठ वेळा एक छोटासा विजेचा ठोका द्यायचा. बोलण्यासारखं काही नसलं तरी द्यायचा. ‘मी आहे, मी आहे.’ हा ठोका ऐकू आला की दिवा लावायचा, ठोके थांबले की विझवायचा. पुढच्या वेगवान पिढ्यांत ठोक्यांऐवजी सतत चालणारा संकेत आला, पण मुद्दा तोच. दिवा म्हणजे ‘पलीकडे कुणीतरी आहे आणि त्याचा आवाज मला येतोय’ एवढीच साक्ष. पलीकडचा काय बोलतो, शहाणा आहे की वेडा, याची ग्वाही हा दिवा देत नाही.

दिवा स्थिर असला म्हणजे जोडणी आहे आणि लुकलुकला म्हणजे निरोपांची ये-जा चालू आहे. यातही एक गंमत आहे. शंभर मेगाबिट वेगाच्या वायरीवरून पूर्ण आकाराचा एक निरोप जायला सेकंदाचा सुमारे आठ हजारावा भाग लागतो. हजार मेगाबिटवर त्याच्याही दशांश. एवढ्यात दिवा लागून विझला तर तुम्हाआम्हाला काही दिसणारच नाही. म्हणून डबा तो क्षण मुद्दाम ताणून दाखवतो. एक निरोप गेला तरी एक ठळक लुकलुक, आणि त्या वेळात हजार गेले तरी साधारण तेवढीच. त्यामुळं ‘दिवा जोरात लुकलुकतोय, म्हणजे नेट फास्ट आहे’ असं म्हणणाऱ्यांना मी काही बोलत नाही, पण ते खरं नाही.

जुन्या, संथ मोडेमवर असा ताण दिलेला नसायचा. दिवा थेट माहितीच्या तारेलाच जोडलेला. २००२ साली जो लॉग्री आणि डेव्हिड अम्फ्रेस या दोघांनी दाखवून दिलं की अशा मोडेमचा दिवा दुरून टिपला तर त्यातून जाणारी माहिती चक्क वाचता येते. मोडेम खिडकीत ठेवलेला असेल तर बाहेरूनसुद्धा!

आता बँकेची गोष्ट सांगतो. साल २००९. जुलैची सुरुवात, पावसानं झोडपायला सुरुवात केलेली. एका तालुक्याच्या गावी एका सहकारी बँकेची शाखा होती. माझ्यापासून सत्तर किलोमीटर, मध्ये घाट. सकाळी साडेदहाला मॅनेजरांचा फोन. ‘सगळं बंद पडलंय. एक व्यवहार होत नाही. आज निवृत्त शिक्षकांच्या पेन्शनचा दिवस, बाहेर पायरीपर्यंत रांग आहे.’

मी नेहमीचा प्रश्न विचारला, ‘स्विचवर दिवे आहेत का?’

‘सगळे हिरवे आहेत. मस्त लुकलुकताहेत. स्विच ठणठणीत आहे, तुमच्या सर्व्हरचंच काहीतरी असणार.’

‘कसे लुकलुकताहेत? वेगवेगळे की एकदम?’

मॅनेजर जरा वैतागले. मागं रांगेतले म्हातारे गुरुजी आवाज चढवत होते. त्यांनी फोन शिपाईमामांच्या हातात दिला. मामा डोंगरातल्या वाडीवरचे. त्यांनी क्षणभर बघितलं असावं. मग म्हणाले, ‘सायेब, मिरगाच्या आधी काजव्यांचं झाड बघितलंय का? सगळं झाड एकदम पेटतंय, एकदम विझतंय? तसं चाललंय. दम खाईना.’

भंडारदऱ्याकडं किंवा राजमाचीच्या रानात मे संपताना, जूनच्या तोंडावर गेला असाल तर मामांना काय म्हणायचं होतं ते कळेल. मला तर त्या एका वाक्यात सगळं कळलं. नीट चाललेल्या स्विचवरचे दिवे बाजारातल्या माणसांसारखे असतात, ज्याचा त्याचा सूर वेगळा. कॅशियरचा दिवा थोडा लुकलुकेल, प्रिंटरचा बराच वेळ गप्प बसेल. सगळे एका तालात, न थांबता लागलेले दिसले की समजावं, कुठंतरी वेटोळं झालंय.

वेटोळं म्हणजे काय? मघाशी म्हटलं, पत्ता माहीत नसला की स्विच सगळ्या दारांवर विचारतो. काही निरोप तर मुळातच सगळ्यांसाठी असतात. ‘अमुक नंबरचा संगणक कोण आहे हो?’ अशी हाक दिवसभर कुणी ना कुणी मारतच असतो. आता समजा, एकाच वायरीची दोन्ही टोकं एकाच स्विचच्या दोन दारांत बसली. हाक एका दारातून बाहेर गेली आणि दुसऱ्या दारातून आत आली. स्विचला वाटलं, नवी हाक आली. त्यानं ती पुन्हा सगळीकडे पाठवली. ती पुन्हा फिरून आली. इंटरनेटच्या पाकिटावर ‘इतक्या हातांतून गेल्यावर फाडून टाका’ अशी सूचना असते. इथरनेटच्या पाकिटावर ती नसते. त्यामुळं ही हाक मरत नाही. अशा न मरणाऱ्या हाका साचत काही क्षणांत वायरी तुडुंब भरतात. खऱ्या व्यवहाराला पाय ठेवायला जागा उरत नाही. आमच्या धंद्यात याला ब्रॉडकास्ट स्टॉर्म म्हणतात. वादळच ते.

मी मामांना म्हटलं, ‘एकेक वायर काढायची, मनात पाच मोजायचं, दिव्यांकडे बघायचं. फरक पडला नाही तर त्याच भोकात परत घालायची. भोक चुकवायचं नाही.’ मामा मोठ्यानं मोजत होते, मी ऐकत होतो. सतरा नंबरची वायर काढली आणि मामा म्हणाले, ‘थंडावलं.’ संगणक सुरू झाले, पेन्शन सुरू झाली. सतराची वायर तीन नंबरच्या काउंटरखाली जात होती, तिथं पाच दारांचा एक छोटा स्विच होता. मामांनी वाकून बघितलं. ‘इथं एक पिवळी वायर हाय. दोन्ही टोकं ह्याच डब्यात.’

मॅनेजरांनी फोन घेतला. ‘सापडलं! मामांनीच घातली असणार, सकाळी झाडताना. आता मेमोच देतो.’

आणि मी ‘हं’ म्हणून फोन ठेवला.

त्या ‘हं’बद्दल आजही बोलायला जड जातं. पिवळी म्हटल्याबरोबर मला माहीत होतं ती कॉर्ड कुणाची ते. आठवड्यापूर्वी मीच तो छोटा स्विच तपासला होता, एक टोक त्यात अडकवलं होतं, दुसरं माझ्या लॅपटॉपला. शेवटची एसटी गाठायच्या घाईत लॅपटॉप उचलला आणि कॉर्ड तशीच जमिनीवर सोडून निघालो.

दोन दिवसांनी गेलो. कॉर्डला माझ्याच अक्षरातली चिकटपट्टी होती, ‘टेस्ट’. मामांना विचारलं, तर म्हणाले, ‘दाराखालनं पाणी आत आलं होतं. वायरचं तोंड भिजंल म्हणून उचललं. डब्यात एक भोक मोकळं होतं, त्यात घातलं. टक्कन बसलं. दिवापण लागला हिरवा. मला वाटलं, बरोबर जागी गेली.’ यात मामांचं काय चुकलं? दिव्यानं तर त्यांना शाबासकीच दिली होती. दोन्ही टोकं जिवंत होती, दिव्याची साक्ष खरी होती. मी मॅनेजरांच्या टेबलासमोर, मामांच्या देखत सांगितलं की कॉर्ड माझी आहे. मेमो टाइप होऊन मामांची सहीसुद्धा झाली होती. मॅनेजर काही बोलले नाहीत, कागद फाडला आणि बेल मारून चहा मागवला. चहा आणायला अर्थात मामाच गेले.

वेटोळ्यावर उपाय फार पूर्वीच निघाला होता. १९८५ साली रेडिया पर्लमन नावाच्या बाईंनी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करताना एक युक्ती शोधली. त्यांनी त्यावर एक छोटी कवितासुद्धा लिहिली, तीही आमच्या लोकांत प्रसिद्ध आहे. युक्ती अशी: स्विचनी एकमेकांना दर दोन सेकंदांनी खुणेचे निरोप पाठवायचे, आपल्यात एकाला मुख्य मानायचं, आणि त्याच्यापर्यंत जाणारे रस्ते झाडाच्या फांद्यांसारखे ठरवायचे. झाडाच्या फांद्या पुन्हा एकमेकींना जाऊन मिळत नाहीत. त्यामुळं जो रस्ता वेटोळं करेल तो तात्पुरता बंद ठेवायचा. चांगल्या स्विचमध्ये ही युक्ती असते. साध्या, स्वस्त स्विचमध्ये बहुधा नसते. त्या बँकेत दोन्ही साधेच होते.

या युक्तीमुळं आपल्याला एक दिवा बघायला मिळतो, ज्यानं पुष्कळ लोक घाबरतात. सिस्कोच्या अनेक स्विचवर नवी वायर खोचली की दिवा हिरवा होत नाही, नारिंगी होतो. माणूस वायर काढतो, पुन्हा घालतो, पुन्हा नारिंगी. पुन्हा काढतो. अहो, जरा थांबा! डबा पंधरा सेकंद नुसतं ऐकतो, पुढची पंधरा सेकंद पत्ते शिकतो, आणि खात्री पटली की हिरवा होतो. दर दहा सेकंदांनी वायर काढणाऱ्याला हिरवा दिवा कधीच दिसत नाही. अर्धा मिनिट होऊन गेला तरी नारिंगीच राहिला, तर मात्र ते दार मुद्दाम बंद ठेवलेलं आहे असं समजावं.

आता हिरव्या दिव्यानं मला स्वतःला कसं फसवलं ते सांगतो. २००३ साली एका कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांची यादी उघडायला दोन-दोन मिनिटं लागायची. दिवे सगळे हिरवे. मी केबल बदलली. मग स्विच बदलला, जुना भंगारात दिला. तरी तेच. दोन दिवसांनी कळलं की सर्व्हरच्या कार्डावर कुणीतरी ‘एकाच वेळी बोला आणि ऐका’ ही पद्धत पक्की करून ठेवली होती, आणि स्विच मात्र ‘तुम्ही म्हणाल तसं’ या पद्धतीवर होता. अशा वेळी स्विचला समोरच्याचा वेग ओळखता येतो, पण पद्धत ओळखता येत नाही. मग तो नियमाप्रमाणं सावध पर्याय धरतो, एका वेळी एकानंच बोलायचं. म्हणजे एक बाजू दुपदरी रस्ता समजून गाडी हाकतेय आणि दुसरी बाजू एकेरी पूल समजून थांबून बघतेय. टक्कर होणारच. थोडी वर्दळ असेल तोवर काही जाणवत नाही, गर्दी झाली की सगळं रखडतं. जोडणीचा दिवा मात्र शेवटपर्यंत हिरवा. तो भंगारात दिलेला स्विच निर्दोष होता. नव्याचं बिल मी कॉलेजला लावलं नाही, एवढंच त्यातलं बरं.

रंगाचं म्हणाल तर जगभर मान्य असा एक नियम नाही. एका कंपनीच्या डब्यावर हिरवा म्हणजे हजार मेगाबिट आणि नारिंगी म्हणजे शंभर, दुसरीकडे नेमकं उलट. रस्त्यावरच्या सिग्नलसारखं समजून ‘नारिंगी आहे, काहीतरी धोका आहे’ म्हणत लोक फोन करतात. डब्यासोबत आलेला कागद फेकू नका एवढंच मी सांगेन. पण एकदा आपल्या डब्याचा रंग कळला की तो बारीक दुखणीही सांगतो. आपल्या केबलमध्ये आठ तारा असतात, पीळ दिलेल्या चार जोड्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. शंभर मेगाबिटला नेहमीच्या जोडणीत नारिंगी आणि हिरवी या दोनच जोड्या लागतात, हजारला चारही. उंदरानं निळी जोडी कुरतडली, तर बरेच डबे गाजावाजा न करता शंभरावर उतरतात. काम चालू, दिवा चालू, फक्त रंग बदललेला. काल एका रंगाचा असलेला दिवा आज दुसऱ्या रंगाचा झाला, तर मी आधी फॉल्स सीलिंगमध्ये उंदीर शोधतो.

हेच दोन रंग का, तर डोळ्यांना दिसणारा पहिला एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ साली जनरल इलेक्ट्रिकमध्ये केला, तो लाल होता. पाठोपाठ हिरवा आला, आणि लाल-हिरवा एकाच टिकलीत बसवून दोन्ही एकदम पेटवले की नारिंगी फुकट मिळतो. चांगला प्रखर निळा १९९० च्या दशकात आला, त्याला २०१४ चं नोबेल मिळालं, तोवर स्विचवाल्यांची सवय पक्की झाली होती. पण हिरवा आणि नारिंगी ही जोडी सगळ्यांच्या सोयीची नाही. माझ्याकडे एक मुलगा होता, फार हुशार. फोनवर दिवा सांगताना कधी हिरव्याला नारिंगी म्हणायचा, कधी नारिंगीला हिरवा, आणि मी ओरडायचो. वर्षभरानं त्यानं सांगितलं की त्याला हे दोन रंग वेगळे दिसतच नाहीत. नोकरी जाईल म्हणून लपवलं होतं. पुरुषांमध्ये हा दोष बायकांपेक्षा बराच जास्त आढळतो. त्यानंतर आम्ही रंग विचारणं सोडलं. लागलाय की विझलाय, स्थिर की लुकलुकतोय, डावीकडचा की उजवीकडचा, आणि उरलेलं संगणकाच्या पडद्यावर बघून. तो आज माझ्यापेक्षा मोठ्या हुद्द्यावर आहे.

काही प्रश्न वारंवार येतात. संगणक बंद केला तरी स्विचवर त्याचा दिवा का जळतो? कारण बंद संगणकाचं नेटवर्क कार्ड पुष्कळदा अर्धवट जागं असतं; दुरून हाक आली तर यंत्र उठवायचं काम त्याच्याकडे असतं. वायर काढली तरी दिवा जळतोय? वळवाच्या विजांनंतर हे बघायला मिळतं. दार आतून जळालंय, त्यावर कागदाची चिठ्ठी चिकटवा आणि पुन्हा वापरू नका. दिवा लागतच नाही? आधी दोन्ही टोकं ‘टक्क’ आवाज येईपर्यंत दाबा. माझ्या निम्म्या फेऱ्या या एका आवाजासाठी झाल्या आहेत.

आता हे दिवे घरोघरी आले आहेत. फायबरचा जो डबा आपल्या टीव्हीखाली बसलाय, त्याच्या मागची लॅनची दारं म्हणजे एक छोटा स्विचच आहे. पुढच्या दिव्यांपैकी दोन ओळखून ठेवा. एकावर ‘पॉन’ किंवा तशी खूण असते. तो स्थिर हिरवा असेल तर कंपनीच्या यंत्रानं तुमच्या डब्याला ओळखलंय. लुकलुकत राहिला तर ओळख पटायची धडपड चालू आहे. दुसरा ‘लॉस’. तो लाल झाला म्हणजे काचेच्या तारेतून प्रकाशच येत नाही. तार कुठंतरी तुटली, दुमडली किंवा खोचलेलं टोक सुटलं. अशा वेळी डबा बंद-चालू करून उपयोग नाही, लोक दहा-दहा वेळा करतात. कंपनीला फोन करून ‘लॉसचा दिवा लाल आहे’ एवढं एक वाक्य सांगा, समोरचा लगेच कामाला लागेल. आणि ती तार काढून ‘प्रकाश येतोय का’ म्हणून डोळ्याला लावू नका. त्यातला प्रकाश डोळ्यांना न दिसणारा असतो. पॉन हिरवा, लॉस विझलेला, पण इंटरनेटचा दिवा नाही, असं असेल तर तार ठीक आहे आणि भानगड बहुधा खात्याची आहे. बिल भरलंय का बघा.

त्या बँकेनं पुढच्या वर्षी पर्लमनबाईंची युक्ती असलेला चांगला स्विच घेतला. बसवायला मीच गेलो होतो. मामांना नारिंगी दिव्याचं सांगितलं, अर्धा मिनिट थांबायचं, हात लावायचा नाही. नंतर तिथून फोन आले ते बहुतेक मामांचेच. मॅनेजर बदलत राहिले. निवृत्तीच्या थोडं आधीचा एक फोन आठवतो. पावसानं लाइट जाऊन आले होते, सगळं नुकतंच चालू होत होतं.

‘सायेब, सतरा नंबर नारिंगी हाय. मोजतोय. बावीस झालं.’

‘मोजा.’

‘सव्वीस... सत्तावीस... अठ्ठावीस... झाला हिरवा. ठेवू फोन?’